बर्फावरची पहिली सुट्टी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळी सरली की हिवाळी सहलींची पत्रं सुरू होतात. स्कीइंगबद्दल विचारणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच धास्ती असते: हा पैसेवाल्यांचा खेळ, आपल्याला झेपेल का? झेपतो, पण काटकसर योग्य जागी केली तर. पहिल्यांदा स्कीवर उभं राहणाऱ्या कुटुंबाला उंच शिखर, मोठी लिफ्ट (उतारावर वर नेणारी यंत्रणा) किंवा महागडं हॉटेल लागत नाही. त्याला लागतो एक सौम्य उतार, पायाला नेमका बसणारा बूट आणि चार दिवस तोच प्रशिक्षक. या तीन गोष्टींवर खर्च करा, बाकीचा हात आखडता घ्या.

प्रश्न: आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ७ वर्षांचा. कुणीच बर्फ पाहिलेला नाही. गुलमर्ग, औली की मनाली? नाताळच्या सुट्टीत जावं का? (नाशिक)

नाताळ टाळा. काश्मिरातला चाळीस दिवसांचा कडक हिवाळा, म्हणजे चिल्लई कलान, २१ डिसेंबरला सुरू होतो आणि टिकून राहणारा बर्फ बहुतेक त्यातच साठतो. डिसेंबरअखेर उतारावर पातळ थर असण्याची, मध्येच गवत आणि दगड डोकावण्याची शक्यता बरीच, आणि खोल्यांचे दर मात्र वर्षातले सगळ्यात चढे. जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीची अखेर हा खरा हंगाम. आपल्याकडच्या शाळांना तेव्हा सुट्टी नसते ही अडचण आहे. पण सात आणि अकरा वर्षांच्या मुलांची आठवडाभराची गैरहजेरी भरून निघते, म्हणून शाळेला आधी कळवून जा. २६ जानेवारीला जोडून येणारा शनिवार-रविवार गर्दीचा असतो, तो सोडून पुढचा आठवडा धरा. ज्यांच्या घरी दहावी-बारावी आहे त्यांनी त्या वर्षी हा बेतच करू नये.

आता जागा. गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे, श्रीनगरपासून ५० किलोमीटर. बर्फाची खात्री तिन्ही ठिकाणांत इथे सगळ्यात जास्त. नवशिक्यांचे उतार गावातच, गोल्फच्या मैदानालगत आहेत आणि तिथे छोट्या लिफ्टही आहेत. खर्चाचा मोठा वाटा विमानाचा.

औलीचे उतार रुंद आणि शिकायला छान. गढवाल मंडल विकास निगमाचे सात आणि चौदा दिवसांचे स्की कोर्स तिथे चालतात आणि त्यांत राहणं, जेवण, साहित्य, शिकवणं एकत्र असतं. प्रौढ आणि मोठ्या मुलांसाठी हा देशातला सर्वांत किफायतशीर मार्गांपैकी एक. अडचण पोहोचण्याची: ऋषिकेशहून जोशीमठ (आता ज्योतिर्मठ) सुमारे २५० किलोमीटर, सगळा घाटरस्ता, अख्खा दिवस मोडतो. जोशीमठ ते औली हा जवळजवळ चार किलोमीटरचा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचू लागल्यावर बंद झाला. त्यामुळे रस्त्याने वर जायचं हेच धरून बेत आखा. शिवाय औलीत बर्फ बेभरवशाचा, एखाद्या वर्षी जानेवारी कोरडाच जातो.

मनालीजवळचं सोलंग हे बर्फाची चव घेण्याचं ठिकाण. उतार आखूड, त्यावर बर्फावरच्या स्कूटर, टायरच्या घसरगुंड्या आणि माणसांची गर्दी. चार दिवस शिकायला ती जागा पुरत नाही.

तुमच्या मुलांची वयं पाहता गुलमर्ग घ्या. सात वर्षांच्या मुलाला दहा तास घाटात बसवून दुसऱ्या दिवशी स्कीवर उभं करायचं, हे त्याच्यावर अन्याय करण्यासारखं आहे.

प्रश्न: सहा दिवसांच्या काश्मीर पॅकेजमध्ये "गुलमर्ग स्कीइंगसह" असं लिहिलं आहे. ते पुरेल का? (कोल्हापूर)

नाही. अशा पॅकेजमध्ये गुलमर्गला बहुधा सकाळी अकराला पोहोचून चारला परतायचं असतं. स्कीइंग म्हणजे तासभर कुणीतरी हात धरून शंभर फूट ओढत नेणार आणि फोटो काढणार. त्यात वाईट काही नाही, पण ते शिकणं नव्हे. स्कीइंग एका जागी मुक्काम टाकून करायची गोष्ट आहे. श्रीनगर, पहलगाम, सोनमर्ग या फेऱ्या गाळा, पाच रात्री गुलमर्गला आणि शेवटची रात्र श्रीनगरला काढा. गाडीचं भाडं वाचतं, त्यात प्रशिक्षकाचे पैसे निघतात.

शेवटची रात्र श्रीनगरलाच हवी. गुलमर्ग ते पायथ्याचं टंगमर्ग हा १३ किलोमीटरचा घाट रात्रीच्या बर्फाने सकाळी बंद असू शकतो, आणि श्रीनगर विमानतळावर गाडीसकट तपासणीच्या रांगा असतात. तिथे उड्डाणाआधी तीन तास पोहोचावं लागतं.

प्रश्न: खर्चाचा अंदाज कसा बांधायचा? प्रत्येकजण वेगळा आकडा सांगतो. (ठाणे)

आकडे वेगळे येतात कारण कुणी "स्कीइंगचा खर्च" सांगतो, कुणी सगळ्या सहलीचा. पाच रकाने करा: प्रवास, मुक्काम, साहित्याचं भाडं, प्रशिक्षक, लिफ्ट. कपड्यांचं वेगळं धरा, ते पुढेही वापरात राहतात.

हिशेबाची रीत दाखवण्यापुरते काही आकडे घेऊ. हे दरपत्रक नव्हे, तुमचे दर फोनवर विचारून भरा. समजा स्की, बूट, काठ्या यांचं भाडं माणशी दिवसाला १,००० रुपये. चौघांचे चार दिवस म्हणजे १६,०००. प्रशिक्षक दिवसाला ३,००० धरला तर चार दिवसांचे १२,०००. एकूण २८,०००. चार विमान तिकिटं यापेक्षा बऱ्यापैकी जास्त होतात. म्हणजे बचतीची पहिली जागा तिकीट, प्रशिक्षक नव्हे. मंगळवार-बुधवारची उड्डाणं आणि अडीच-तीन महिने आधीचं आरक्षण यांनी जेवढा फरक पडतो, तेवढा प्रशिक्षकाशी घासाघीस करून कधीच पडत नाही.

रेल्वेचा मार्ग आता खुला आहे. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर थेट रेल्वे सुरू झाली. चिनाब पुलावरून जाणारी वंदे भारत हे अंतर तीन तासांच्या आसपास कापते. मुंबईहून वांद्रे टर्मिनसची स्वराज एक्सप्रेस कटऱ्याला जाते, पुण्याहून झेलम एक्सप्रेस जम्मूला. जम्मू-श्रीनगर महामार्ग रामबन-बनिहालच्या पट्ट्यात दरडींनी आणि बर्फाने अडतो, तो त्रास रेल्वेने टळतो. मात्र एका बाजूला दोन दिवस धरा. रजा मोजकी असेल तर जाताना रेल्वे आणि येताना विमान असा मेळ बसतो. दमलेल्या मुलांना घेऊन परतीचा लांब प्रवास नको.

मुक्कामाचा प्रश्न असा येतो: टंगमर्गला खोली स्वस्त, गुलमर्गला महाग. पण टंगमर्गहून रोज वर यायला चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी लागते, दोन फेऱ्यांचे पैसे, आणि सकाळचा दीड तास जातो. जोरात बर्फ पडला तर तो दिवसच बुडतो आणि साहित्याचं भाडं मात्र भरलेलं असतं. पाच दिवसांचं गाडीभाडं बेरजेत घालून पाहा, फरक बराचसा विरघळतो. गुलमर्गमधलंच एखादं साधं गेस्टहाउस घ्या, नवशिक्यांच्या उतारापर्यंत चालत जाता येईल असं. आरक्षणाआधी तीन गोष्टी विचारा: खोली गरम कशाने होते (बुखारी म्हणजे लाकडाची शेगडी, हीटर की इलेक्ट्रिक ब्लँकेट), बुखारीच्या लाकडाचे पैसे वेगळे आहेत का, आणि गरम पाणी किती वाजता मिळतं. बुखारी संध्याकाळी दोन-तीन तासच पेटवतात आणि पहाटे खोली बाहेरच्याइतकी गार होते, हे माहीत नसल्याने मुलं पहिल्याच रात्री आजारी पडतात.

जम्मू-काश्मिरात बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम चालत नाहीत. घरात निदान एक पोस्टपेड नंबर असू द्या. एटीएम आणि यूपीआय दोन्ही बर्फात दगा देतात, म्हणून दोन दिवसांची रोकड जवळ ठेवा.

प्रश्न: भाड्याने घेतलेले बूट फार दुखतात असं ऐकलं. नीट बूट कसा निवडायचा? बाइंडिंग म्हणजे काय? (पुणे)

या पत्राला सविस्तर उत्तर देतो, कारण पहिल्या सहलीचं यश बुटावर ठरतं. बूट चुकला की बाकी सगळं नीट असूनही माणूस दुसऱ्या दिवशी खोलीत बसून राहतो.

घरून निघण्याआधी प्रत्येकाचं पाऊल मोजा. संध्याकाळी, कारण तेव्हा पाय किंचित सुजलेला असतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, सगळ्यात लांब बोटापाशी खूण करायची आणि सेंटिमीटरमध्ये मोजायचं. दोन्ही पायांतलं मोठं माप धरायचं. स्की बुटांवर हेच माप छापलेलं असतं: २४.५, २६.५ असं. आपल्या चपलांचे सहा-सात नंबर दुकानदाराला सांगू नका, त्यातून गोंधळच होतो.

दुकानात पहिली चूक होते ती मोठा बूट घेण्याची. घट्ट बूट दोन मिनिटांत टोचतो, सैल बूट तिथे सुखाचा वाटतो. पण स्की वळवण्याचा जोर नडगीतून बुटाला आणि बुटातून स्कीला जातो. बूट सैल असला की पाय आत फिरतो, बूट जागीच राहतो. मग माणूस वरचं बकल करकचून आवळतो, रक्त अडतं, बोटं बधिर होतात आणि दोष थंडीला दिला जातो.

तपासायची रीत अशी. बुटातला मऊ आतला भाग बाहेर काढा. रिकाम्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटं जातील एवढी जागा हवी. तीन बोटं जात असतील तर बूट मोठा आहे. आतला भाग परत बसवा, पाय घाला, टाच मागे दोनदा आपटा, आधी नडगीवरची बकलं आणि पट्टा लावा, मग पावलावरची हलकी. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे अलगद टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की ती मागे सरकली पाहिजेत आणि टाच उचलली जाता कामा नये. असा बूट घालून दहा मिनिटं दुकानातच उभे राहा.

मोजा एकच, पातळ ते मध्यम, नडगीपर्यंत येणारा. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घालणं ही दुसरी मोठी चूक. दोन मोज्यांमध्ये सुरकुती पडते, तिथे फोड येतो आणि दाटीने बोटं उलट जास्त गारठतात. थर्मल पँटही बुटात कोंबू नये, मोज्याच्या वर थांबवावी.

आता बाइंडिंग. बूट स्कीला पकडून ठेवणारा आणि पडताना सोडून देणारा हा सांधा आहे. तो वेळेवर सुटला नाही तर पाय अडकून गुडघा पिळवटतो, उगाच सुटला तर वाटेतच स्की निघते. किती जोराला सुटायचं हे पुढच्या आणि मागच्या भागावरच्या छोट्या काचेत दिसणाऱ्या आकड्याने ठरतं, त्याला डिन म्हणतात. हा आकडा वजन, उंची, वय, स्कीइंगमधला अनुभव आणि बुटाच्या तळव्याची लांबी या पाच गोष्टींवरून तक्त्यात पाहून लावतात. साठ-सत्तर किलोच्या नवशिक्या प्रौढाला तो साधारण ४ ते ५ येतो, वीस-पंचवीस किलोच्या मुलाला १ ते २. वय पन्नाशीपुढे किंवा दहाच्या आत असेल तर तक्त्यात एक पायरी खाली उतरायचं असतं. तुम्ही स्वतः स्क्रू फिरवू नका, पण आकडा जरूर वाचा. सात वर्षांच्या मुलाच्या स्कीवर ५ दिसला तर ती स्की घेऊ नका. वजन न विचारताच स्की हातात देणारं दुकानही सोडून द्या.

तळव्याची लांबी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ ३०५. दुसऱ्या दिवशी बूट बदलून घेतलात आणि ही लांबी बदलली, तर बाइंडिंग पुन्हा जुळवून घ्यावंच लागतं. नवऱ्या-बायकोने स्की अदलाबदल करतानाही हेच. तळवा झिजून गोल झालेला बूट परत करा, तो बाइंडिंगमध्ये नीट बसत नाही. काही नव्या बुटांना चालायला सोपा असा रबरी, किंचित वळणदार तळवा असतो. तो जुन्या बाइंडिंगमध्ये घातला तर वेळेवर सुटत नाही, म्हणून दोन्हींची जोडी चालते का ते विचारा.

आणि रोजची सवय: स्कीवर पाय ठेवण्याआधी तळव्याला चिकटलेला बर्फ काठीने खरवडून काढा. बोटभर बर्फ अडकला तरी बूट पूर्ण बसत नाही आणि पहिल्याच वळणाला स्की निसटते. "स्की खराब आहे" अशी तक्रार होते तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं.

स्कीची लांबी नवशिक्या मोठ्यांना हनुवटी ते नाक, मुलांना छाती ते हनुवटी. काठी उलटी धरून, चकतीच्या खाली मूठ पकडून टेकवली की कोपर काटकोनात यावं. तुमच्या घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर त्याला काठ्या घेऊच नका, हात मोकळे राहिले की तोल लवकर येतो.

टंगमर्गच्या रस्त्यावर जे लांब कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात, ते बर्फात चालण्यासाठी असतात. स्कीइंगला त्यांचा उपयोग नाही. स्की करणाऱ्यांनी तिथे पैसे घालू नयेत.

प्रश्न: कपडे विकत घ्यावे की भाड्याने? (छत्रपती संभाजीनगर)

अंगाला लागतं ते विकत, बाकी शक्य तितकं मागून. प्रत्येकी थर्मलचे दोन जोड, स्कीचे लांब मोजे तीन, जलरोधक हातमोजे दोन जोड, गॉगल आणि हेल्मेट स्वतःचं. हेल्मेट भाड्याने मिळतं, पण मुलांच्या मापाचं मिळेलच असं नाही, आणि सैल हेल्मेट घालून उपयोग नाही. लहान मुलांना बोटांचे हातमोजे न देता अंगठा वेगळा असलेले थैलीसारखे द्या, बोटं एकमेकांना ऊब देतात.

सुती कपडा आत नको. घाम शोषून तो ओलाच राहतो आणि थांबलात की हुडहुडी भरते. जीन्स तर अजिबात नको. नवशिक्या दिवसातून तीस-चाळीस वेळा बर्फात बसतो, म्हणून जाकिटापेक्षा पँट जलरोधक असणं महत्त्वाचं. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणाऱ्यांच्या घरात रेनपँट असतेच. थर्मल आणि एका फ्लीसच्या पँटवर ती चढवली की काम भागतं. फक्त स्कीच्या कडा धारदार असतात, पोटरीच्या आतल्या बाजूला जाड कापडाचं ठिगळ लावून घ्या.

ऊन कमी लेखू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीसुद्धा चेहरा भाजतो. एसपीएफ ५० चं क्रीम दर दोन तासांनी. गॉगल न लावता दिवस काढला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. ढगाळ दिवशीही तेच.

प्रश्न: प्रशिक्षक घ्यायचा तर किती दिवस? आम्ही यूट्यूबवर पाहून शिकू शकणार नाही का? (सोलापूर)

पडायचं कसं, उठायचं कसं आणि थांबायचं कसं, या तीन गोष्टी व्हिडिओतून अंगात येत नाहीत. थांबता न येणारा माणूस स्वतःला आणि खाली उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या मुलाला धोका असतो. निदान पहिले तीन दिवस प्रशिक्षक घ्या, जमलं तर चार, आणि रोज तोच.

पैसे वाचवण्याची रीत अशी: एक प्रशिक्षक पूर्ण दिवसासाठी ठरवा. सकाळी दहा ते बारा मुलं, जेवणानंतर दोन तास आईवडील. मुलांची उमेद दोन तासांत संपते, तेवढंच पुरे. आणि मोठ्या माणसांचं पडणं मुलांसमोर होत नाही, तेही बरं. चारांहून अधिक माणसं एका प्रशिक्षकाकडे असली की अर्धा वेळ वाट पाहण्यात जातो.

पहिला दिवस सपाटीवर जातो: एका स्कीवर घसरणं, आडव्या पावलांनी चढणं, कुशीवर पडणं, मग स्नो-प्लाउ, म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या फाकवून वेग मारणं. मुलांना "पिझ्झाचा तुकडा कर" म्हटलं की लगेच कळतं. दुसऱ्या दिवशी त्याच आकारात वळणं. डावीकडे जायचं तर वजन उजव्या पायावर, हे मेंदूला उलटं वाटतं आणि इथेच बहुतेकजण अडतात. दुसरी अडचण मागे रेलण्याची. भीती वाटली की माणूस उताराकडे पाठ टाकतो, आणि तसं केलं की स्कीची टोकं हलकी होऊन ताबा सुटतो. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली राहिली पाहिजे. तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, त्या दिवशी अर्धाच वेळ करा. "शेवटची एक फेरी" दुपारी तीननंतर नको, दमलेले पाय तेव्हाच दगा देतात. चौथ्या दिवशी छोट्या लिफ्टने थोडा लांब उतार.

गोंडोलाचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेचं, तिकीट या चार दिवसांत लागत नाही. १९९८ मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा कोंगडोरीला, सुमारे ३,१०० मीटरवर जातो. २००५ चा दुसरा अफरवट डोंगरावर, सुमारे ३,९५० मीटरवर. पाचव्या दिवशी पहिल्या टप्प्यापर्यंत सगळे जण फिरायला जा, तिकीट आधीच ऑनलाइन काढून. अफरवटचे उतार सपाट केलेले नसतात, तिथे हिमस्खलन होतं, माणसं दगावली आहेत. चार दिवस शिकलेल्याने तिथून स्कीवर उतरण्याचा विचारही करू नये, सोबत कुणीही असलं तरी.

घरात सोळा-सतराच्या पुढचं कुणी असेल आणि ओढ खरी असेल, तर सरकारी संस्थांचे निवासी कोर्स पाहा: गुलमर्गची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग, पहलगामची जवाहर इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची पर्वतारोहण संस्था. शिस्त कडक, राहणी साधी, शुल्क खासगी शिकवणीच्या मानाने पुष्कळ कमी. जागा लवकर भरतात, दिवाळीच्या सुमारास अर्ज करावा.

प्रश्न: सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांना नेता येईल? (सातारा)

गुलमर्गची उंची बहुतेकांना सोसते, पण डॉक्टरांना विचारून घ्या आणि गोळ्या दुप्पट न्या, निम्म्या हाताशीच्या पिशवीत. पहिला दिवस विश्रांती, पाणी भरपूर, अफरवट नाही. बुटाखाली लावायचे रबरी काटे मिळतात, ते अवश्य घ्या. आजी-आजोबांच्या दुखापती स्कीवर होत नाहीत, हॉटेलच्या दारातल्या गोठलेल्या पायरीवर होतात. गाडीतळापासून गोंडोलापर्यंत एखाद किलोमीटरचं अंतर आहे. त्यांना चालवणार नसेल तर स्लेज घ्या, दर आणि कुठपर्यंत जायचं हे बसण्याआधी ठरवा. ओढणाऱ्याचं वर्षाचं पोट या दोन-तीन महिन्यांवर असतं, रास्त दर देताना कुरकुर करू नये.

प्रश्न: आमच्या मेडिक्लेममध्ये स्कीइंगची दुखापत बसेल का? (डोंबिवली)

आरोग्य विम्याच्या ठरावीक वगळणुकींत साहसी खेळांचं कलम असतं. ते वाचा: त्यात धंदेवाईक म्हणून भाग घेतल्यास झालेला खर्च वगळलेला असतो. हौशी पर्यटक त्यात येत नाही. पण प्रवास विमा वेगळा असतो आणि त्यात हिवाळी खेळ सरसकट वगळलेले असू शकतात. कंपनीला ई-मेल पाठवून "हौशी स्कीइंग, आखलेल्या उतारावर" असं नेमकं लिहा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च त्यात आहे का, हेही विचारा.

गुडघ्यात "कट्" असा आवाज येऊन सूज आली तर त्या दिवशी पुन्हा स्कीवर उभं राहू नका. चालता येतंय म्हणून लिगामेंट शाबूत आहे असं होत नाही.

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलं ९ आणि १३ वर्षांची, चौघांचे पासपोर्ट भारतीय. इथले सहकारी बल्गेरियातलं बान्स्को स्वस्त म्हणतात. (रेडिंग)

सहकाऱ्यांच्या हिशेबात एक रकाना नाही: व्हिसा. बान्स्को असो वा आल्प्स, भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतोच. मोठ्यांना आणि बारा वर्षांवरील मुलाला ९० युरो, सहा ते अकरा वयाला ४५. म्हणजे तुमच्या चौघांचे ३१५ युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. फेब्रुवारीसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भेटीची वेळ घ्या आणि व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारं आरक्षणच करा.

बान्स्कोत जेवण आणि शिकवणी आल्प्सच्या मानाने खरोखर स्वस्त आहे. पण गावातून वर जाणाऱ्या एकुलत्या एका गोंडोलाला सकाळी मोठी रांग लागते, म्हणून मुक्काम तिच्यापासून चालत जाता येईल असा घ्या. उतारांचे रंग निळा, लाल, काळा असे चढत जातात, तुम्ही निळ्यावरच राहायचं. फेब्रुवारीची शाळेची सुट्टी म्हणजे सगळ्यात महाग आठवडा. ईस्टर लवकर असेल तर तो पाहा. इटलीला जाणार असाल तर दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा २०२२ पासून सक्तीचा आहे.

आमचा सल्ला मात्र वेगळा. आधी मिल्टन कीन्स किंवा हेमेल हेम्पस्टेडच्या छताखालच्या खऱ्या बर्फावर चौघांनी चार-पाच धडे घ्या. थांबणं आणि वळणं तिथेच आलं की परदेशातले पहिले दोन दिवस वाचतात. मग स्कॉटलंड: केर्नगॉर्म, ग्लेनशी, ग्लेनको, नेव्हिस रेंज, लेक्ट. व्हिसा नाही, विमान नाही. तिथे वारा आणि पाऊस लिफ्ट बंद पाडतात, म्हणून आठवडाभर आधी हवामान पाहून निघायचं. मुलांना गोडी लागली असं दिसलं तरच पुढच्या वर्षी व्हिसाचे पैसे घाला.

प्रश्न: तिकिटं काढली आणि बर्फच पडला नाही तर? (रत्नागिरी)

होतं असं. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार महिन्याच्या उत्तरार्धापर्यंत जवळजवळ उघडे होते. निघण्याच्या दहा दिवस आधीपासून तिथल्या गेस्टहाउसवाल्याकडून उताराचा त्या दिवशीचा फोटो मागवत राहा. "बर्फ आहे" या शब्दांवर विसंबू नका. नवशिक्यांच्या उतारावर फूट-दीड फूट दाबलेला बर्फ असला तरी शिकता येतं. त्याहून कमी असेल तर साहित्याची आगाऊ रक्कम भरू नका. खोली ठरवतानाच तारीख पुढे ढकलण्याची मुभा लेखी घ्या, त्यासाठी थोडा जास्त दर पडला तरी चालेल. आणि पोहोचल्यावरच कोरडं निघालं तर उंचावरच्या पातळ, दगडाळ बर्फावर मुलांना नेण्याचा हट्ट नको. दगडाला लागून स्कीची कड मोडली की भरपाई तुमच्याकडूनच घेतात. साहित्य घेतानाच त्याच्या तळाचे आणि कडांचे फोटो काढून ठेवा, म्हणजे आधीचे ओरखडे तुमच्या नावावर लागणार नाहीत.